तिसरा मुखवटा

१

पेटी उघडली तेव्हा आत चेहरा नव्हता.

पेटी सागवानी होती. कुलूप तोडलेलं नव्हतं, बिजागऱ्या हललेल्या नव्हत्या. आत कापसाची पांढरी गादी, आणि गादीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला वाळलेला पिवळट डाग. बाकी काही नाही.

रामदासपेठेतल्या पांढरीपांडे यांच्या बंगल्यात मागच्या बाजूला एक स्वतंत्र खोली आहे. घरचे तिला संग्रहालय म्हणतात, बाहेरचे बुद्धाची खोली. कै. प्रा. गिरिधर पांढरीपांडे साठच्या दशकात अफगाणिस्तानात, गझनीजवळच्या एका टेकडीवर खणकाम करणाऱ्या तुकडीत होते. परतताना तिथल्या सरकारने रीतसर कागद करून त्यांना एक भेट दिली. बुद्धाचा चेहरा. कच्च्या मातीचा, न भाजलेला, वीतभर उंच, चौदाशे वर्षं जुना. नाकाचा शेंडा गेलेला, डाव्या गालावर तडा, डोळे अर्धे मिटलेले. त्याच विहारातले बाकीचे चेहरे काबूलला राहिले आणि पुढे हातोड्याने फोडले गेले. हा नागपुरात होता म्हणून उरला.

दरवर्षी अशोक विजयादशमीला खोली उघडायची. दीक्षाभूमीवरून परतणारे लोक रांग लावून चेहरा पाहून जायचे. यंदा त्या दिवसाला तीन आठवडेही उरले नव्हते.

निवृत्त पोलीस निरीक्षक भावना गजभिये रविवारी सकाळी बंगल्यावर पोचल्या तेव्हा अरुंधती पांढरीपांडे पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या प्राध्यापकांच्या सून, ट्रस्टच्या अध्यक्ष, आणि कधीकाळी भावनांना शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई.

"बस, भावना. चहा नंतर. मी संध्याकाळी पोलिसात तक्रार देणार आहे. त्याआधी तू एकदा बघ."

"तक्रारीत कुणाचं नाव देणार, बाई?"

"किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला. दुसरी मासूमाकडे."

मासूमा बामियानची. नागपूर विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकायला आली, शिक्षण संपता संपता तिकडे सरकार बदललं आणि ती इथेच राहिली. चेहऱ्याची निगा राखायला ट्रस्टने तिला ठेवलं होतं. बंगल्याच्या आवारातल्या खोलीत ती राहायची. तिचा इथे राहायचा परवाना ट्रस्टच्या पत्रावर दरवर्षी वाढत असे.

"परवाना संपतो कधी?"

"महिनाअखेरीस."

"तक्रारीत नाव आलं की वाढणार नाही. तिला परत पाठवतील. तिथे तिला घराबाहेरचं कामसुद्धा करता येणार नाही, बाई."

"मला ठाऊक आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या. "म्हणून तुला बोलावलं. पोलिसांना बोलावणं सोपं होतं."

भावना पेटीवर वाकल्या. त्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"पाऊस कधी झाला होता?"

"अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दुपारी. गौरांगने गच्चीवर सोलर बसवलं, तेव्हापासून ही खोली गळते."

"आणि चेहरा शेवटचा कुणी पाहिला?"

"मासूमाने. दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी. दिल्लीला जायच्या आधी तिने पेटी उघडून पाहिली म्हणते. आत होता म्हणते. संध्याकाळी विसर्जन आटोपून आम्ही सगळे गावी, पारशिवनीला गेलो, खोली बंद होती. काल गौरांगने पाहुण्यांना दाखवायला पेटी उघडली."

भावनांनी डागाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं.

"मासूमा खोटं बोलते आहे, बाई," त्या म्हणाल्या.

२

मासूमाच्या खोलीत एक टेबल, एक दिवा, मऊ कुंचले आणि खण. वरचा खण अर्धवट उघडा होता. आत फिकट जांभळ्या सुती कापडाचे चौकोन घडी घालून ठेवले होते.

"हे काय?"

"बाईची जुनी नागपुरी साडी. तुळसाबाई फाडून देते. नव्या कापडापेक्षा धुतलेलं मऊ राहते, मातीले ओरखडत नाही."

अफगाण मुलीच्या तोंडून 'मातीले' ऐकून भावनांना हसू आलं. मासूमा मराठी स्वयंपाकघरात शिकली होती, तुळसाबाईकडून. अरुंधतीबाई तिला सुधारायच्या. ती 'हो' म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'मले' म्हणायची.

"चेहऱ्याबद्दल सांग. चोरीबद्दल नको."

मासूमाने हात मांडीवर ठेवले. "माती नदीची आहे. तिच्यात गव्हाचा भुसा टाकत होते अन् बकरीचे केस, म्हणजे वाळताना तडा जात नाही. तो भुसा त्या सालच्या पिकाचा असते. कोन्या एका उन्हाळ्यातला गहू, मॅडम, चौदाशे वर्षांआधीचा. तो गहू आता आमच्याकडे पेरत नाही. कोनाजवळ बी पन नाही. केसाच्या बटांवर लाजवर्द दगडाचा निळा रंग. चांगला लाजवर्द बदख्शानच्या डोंगरात भेटते. म्हणजे बघा, नदी, गहू, बकरी, डोंगर, सारं एका चेहऱ्यात. मी घरून निघाली तेव्हा काहीच आनलं नव्हतं. इथं आली, पेटी उघडली, तर माह्या आधीच सारं येऊन बसलं होतं."

"बामियानचे मोठे बुद्ध पाडले तेव्हा तू केवढी होतीस?"

"सात वर्षांची. आवाज ऐकला होता." तिने एक कुंचला टेबलावर सरळ करून ठेवला. "हा भाजलेला नाही. हा हातोड्याने नाही मरत, मॅडम. याले पानी पुरते."

भावनांनी पर्समधून फोन काढला आणि मघाशी काढलेला गादीचा फोटो तिला दाखवला.

"हे पाणी झाकणाच्या फटीतून आत गेलं. गादीवर त्या वेळी चेहरा असता तर डाग त्याच्याभोवती फुटला असता आणि मधे चेहऱ्याएवढी जागा कोरडी राहिली असती. डाग अखंड आहे. पाऊस पडला तेव्हा पेटी रिकामी होती. आणि तू म्हणतेस, दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा आत होता."

मासूमाने फोटो पाहिला. ती वाद घालणार नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"तू त्याला कुठे नेलंस?"

मासूमाने वरचा खण लोटून बंद केला.

"काहून बोलत नाहीस? संध्याकाळी तक्रार जाते आहे."

"मी पाहुनी आहे," मासूमा म्हणाली. "मी चोरला नाही. पन मी जे केलं ते सांगितलं, तर हे घर मले ठेवनार नाही. अन् आता सांगून फायदा पन नाही. जिथं ठेवला होता तिथं तो नाही."

"म्हणजे तुझ्यानंतर कुणीतरी घेतला."

"या घरातल्याच कोनीतरी," मासूमा म्हणाली, आणि उठून तिने दार उघडं केलं.

३

स्वयंपाकघरात तुळसाबाई भांडी आवरत होती. बंगल्यात तिला वीस वर्षं झाली होती आणि घरातल्या प्रत्येकाबद्दल तिचं एक मत होतं.

"त्या पोरीवर आळ घेऊन राहिले सारे," ती भावनांना म्हणाली. "तिनं चोरलं असतं तं ती परत काहून आली असती दिल्लीहून? इतकी येडी आहे का ते?"

"मग कुणी नेला, तुळसाबाई?"

"मले काय इचारता? यंदा या घरात सारं इपरीतच होऊन राहिलं. आधी पाऊस घरात. मग गनपतीच्या बादलीत केस."

"केस?"

"हो ना वं माय. विसर्जन आमच्याकडं आंगनातच होते, बादलीत. दुसऱ्या रोजी गाळ पारिजातकाच्या आळ्यात टाकतो. यंदा गाळ टाकाले गेली तं हाताले केस लागले. पांढरे, राठ. म्या फोनवर बाईले म्हटलं, तुमच्या चितारओळीतल्या मूर्तिकाराले टक्कल पडून राहिलं वाटते, साऱ्या गनपतीत झडला."

भावना हसल्या. तुळसाबाई हसली नाही. तिने नळ बंद केला, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"पन एक सांगतो. गौरांगबाबा फोनवर बोलून राहिले होते, विसर्जनाच्या आठ-दहा रोज आधी. म्हने, 'ती माती एकदाची हलली, की घर मोकळं.' म्या सोताच्या कानानं ऐकलं."

गौरांग, अरुंधतीबाईंचा एकुलता मुलगा, दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. चाळिशीचा, घरं बांधणाऱ्यांच्या धंद्यातला. प्रश्न ऐकून तो दचकला नाही, चिडला.

"तुळसाबाईने सांगितलं ना? या घरात भिंतींना नाही, तुळसाबाईला कान आहेत. हो, म्हणालो. चुकलं काय? हा बंगला ट्रस्टच्या नावाने अडकलाय. का, तर आत एक चेहरा आहे. मी दिल्लीच्या एका मोठ्या संग्रहालयाशी बोलत होतो. रीतसर देणार होतो. काल जे पाहुणे आले ते तिथलेच. त्यांच्यासमोर मी रिकामी पेटी उघडली, मॅडम. मीच चोरला असता तर असं हसं करून घेतलं असतं?"

"आईंना हे माहीत होतं?"

"नाही. आता सांगाल तुम्ही."

"पेटीची किल्ली आईंच्या कमरेला असते. काल तुम्ही उघडली कशी?"

"आईकडून मागून घेतली."

"त्याआधी कधी?"

गौरांगने लॅपटॉप मिटला. उत्तर द्यायच्या आधीच फाटक वाजलं, आणि खिडकीतून बाहेर पाहत तो म्हणाला, "हे बघा. खरे मागणारे आले. यांना विचारा. भर सभेत सांगितलं होतं यांनी, की एक दिवस चेहरा घेऊन जाऊ."

४

फाटकाशी धम्मानंद वासनिक उभे होते. उत्तर नागपुरातल्या एका विहार समितीचे अध्यक्ष, माजी शिक्षक, पांढरा शर्ट, हातात छत्री.

"जय भीम, ताई. तुम्ही इथं म्हणजे खबर खरी आहे."

"जय भीम, सर. कोणती खबर?"

"चेहरा गेल्याची. गावात पसरली नाही अजून. माझ्यापर्यंत आली."

दोघं पारिजातकाखालच्या बाकावर बसले. आळ्यातली माती वरून वाळली होती आणि तिच्यावर सकाळची फुलं पडलेली होती.

"तुम्ही सभेत म्हणाला होतात, घेऊन जाऊ."

"म्हणालो होतो. आजही म्हणतो. आमच्या बुद्धाले वर्षातून एक दिवस, तेही दुसऱ्याच्या घरी, रांग लावून पाहायचं? माझी आई चेहऱ्यासमोर हात जोडून रडायची, अन् मागचा माणूस म्हणायचा, चला, पुढं चला." त्यांनी छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली. "पण घेऊन जाऊ म्हणालो, ताई. उचलून नेऊ नाही म्हणालो. दिवसाउजेडी, वाजतगाजत. चोरलेल्या बुद्धासमोर मी लेकरांले पंचशील कोणत्या तोंडानं शिकवू?"

"इथे शेवटचे कधी आलात?"

"विसर्जनाच्या दिवशी. यंदाची तारीख, वेळ विचारायची होती. पण इथं अंगणात आरती चालली होती. मी फाटकाशीच थांबलो. बाईंनी आधी एक जांभळं गाठोडं बादलीत सोडलं, मग गणपती. नंतर पाहुण्यांची गर्दी झाली, मी निघून गेलो."

"जांभळं गाठोडं?"

"हो. कपड्यासकट सोडलं. मले त्यांच्या घरच्या रीती काय मालूम."

भावना उठल्या. धम्मानंद बोलत होते त्याकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. त्या आळ्याशी वाकल्या, दोन फुलं बाजूला सारली आणि मातीत बोट खुपसलं.

मग बोट तसंच धरून त्या घरात गेल्या.

५

"बाई, विसर्जनाला गणपतीबरोबर अजून काय सोडलं?"

अरुंधतीबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. "ज्येष्ठेचा जुना मुखवटा. का ग?"

पांढरीपांड्यांकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मातीचे रंगवलेले मुखवटे. यंदा ज्येष्ठेच्या गालाला तडा गेला होता. तडा गेलेला मुखवटा पुढच्या वर्षी बसवत नाहीत, म्हणून चितारओळीतून नवा आणला होता आणि जुना गणपतीबरोबर विसर्जित करायचा ठरला होता.

"गाठोड्यासकट?"

"आमच्याकडे तशी रीत आहे. महालक्ष्म्यांना निरोप दिला की मुखवटा कापडात बांधायचा. मग तो पुन्हा उघडून पाहायचा नाही. निरोप दिलेल्या बाईकडे वळून बघायचं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. विसर्जन करायचं ते कापडासकट. दुसऱ्या दिवशी फक्त कापड काढून घ्यायचं."

"बांधून ठेवला कुठे होता?"

"देवघराच्या कपाटात. खालच्या फळीवर."

"त्या कपाटाला कोण हात लावतं?"

"मी. आंघोळ करून, सोवळ्यात. तुळसाबाईसुद्धा नाही. मासूमाला तर मी आल्या दिवशीच सांगितलं होतं."

"मला ते कपाट पाहायचं आहे."

अरुंधतीबाई पुढे झाल्या. देवघर घराच्या मधोमध होतं, बाहेरची एकही भिंत नसलेली, कोरडी, उबदार खोली. भावना उंबरठ्याबाहेर थांबल्या. शाळकरी असताना वह्या द्यायला या घरी यायच्या तेव्हाही त्या इथेच थांबायच्या. कुणी थांबवलं नव्हतं. कुणी आत ये असंही म्हटलं नव्हतं.

अरुंधतीबाईंनी कपाट उघडलं. खालच्या फळीवर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यापुढे रिकामी जागा.

"ट्रंकेत काय?"

"नवी ज्येष्ठा आणि कनिष्ठा. दोन मुखवटे."

"ट्रंक पुढे ओढा, बाई. मागे बघा."

ट्रंक फळीवर घासत पुढे आली. अरुंधतीबाईंनी मागे हात घातला. हात तिथेच थांबला. मग त्यांनी सावकाश एक गाठोडं बाहेर काढलं. फिकट जांभळं सुती कापड, वर गाठ.

"हे इथं कसं?"

"उघडा."

"निरोप दिलेला मुखवटा उघडत नाहीत, भावना."

"याला तुम्ही आठ दिवसांपूर्वी बादलीत सोडलात ना? मग हा निरोप दिलेला कसा?"

अरुंधतीबाईंच्या बोटांना गाठ सुटेना. सुटली तेव्हा आतून ज्येष्ठा बाहेर आली. पिवळा रंग, लाल कुंकू, मोठे उघडे डोळे, गालावर तडा.

त्या कपाटाला टेकून खाली बसल्या. भावनांनी आपलं बोट त्यांच्यापुढे धरलं. बोटाला ओली माती होती, मातीत एक राठ पांढरा केस, आणि नखाच्या कडेला मोहरीएवढा निळा कण.

६

दुपारी दिवाणखान्यात पाच जण होते. अरुंधतीबाई, गौरांग, मासूमा, भावना आणि धम्मानंद. धम्मानंदांना जायला सांगावं असं गौरांगने खुणेने सुचवलं. भावनांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"चोर नाही," त्या म्हणाल्या. "चोर असता तर बरं झालं असतं. काहीतरी परत मिळालं असतं."

त्या सरळ सांगत गेल्या. पाऊस सुरू झाला तेव्हा संग्रहालयाची खोली गळायला लागली. मासूमाने चेहरा पेटीतून काढला, म्हणूनच गादीवरचा डाग अखंड होता. तिने तो साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि घरातल्या सर्वांत कोरड्या जागी नेला.

"देवघरात," मासूमा म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "सारे बाजारात गेले होते. फळीवर जागा नव्हती. एक गाठोडं होतं, ते मी ट्रंकेच्या मागं सरकवलं अन् हा पुढं ठेवला. पाऊस थांबला की काढीन म्हटलं. पन संध्याकाळपासून पाहुने होते देवघरात. सकाळी गाडी होती. मले वाटलं, आठ दिवस तं आहे. तिथं कोनी हात लावत नाही." तिने अरुंधतीबाईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं होतं ना, बाई, तिथं कोनीच हात लावत नाही."

"परत आल्यावर काहून नाही सांगितलं?" धम्मानंदांनी विचारलं.

"मी तुमच्या देवाच्या कपाटाले हात लावला, हे कसं सांगू? चुपचाप पाहून घेतलं. पुढची जागा खाली होती. मले वाटलं, घरातल्याच कोनीतरी घेतला."

"एकाच साडीचे तुकडे," भावना म्हणाल्या. "एकाच घरात बांधलेली दोन गाठोडी, एकाच आकाराची, दोन्हींना गालावर तडा. बाईंनी फळीवर एक ठेवलं होतं, फळीवरून एक उचललं. उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण रीत पाहायची नाही, अशी आहे. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईच्या हाताला केस लागले. शाडूत केस नसतात. बकरीचे केस कुठल्या मातीत असतात, हे मासूमाने मला सकाळीच सांगितलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

पंखा फिरत होता. अरुंधतीबाई म्हणाल्या, "मी पाण्यात सोडला. माझ्या हाताने. वर अक्षताही टाकल्या."

गौरांग सर्वांत आधी सावरला. "ठीक आहे. आता पुढे काय, ते ठरवू. अज्ञात चोरावर तक्रार टाकू. प्रकरण मिटेल."

"अज्ञात चोर म्हटलं की पहिली चौकशी दुसऱ्या किल्लीची. म्हणजे हिची."

"मग खरं सांगायचं? बाहेर जाऊन काय सांगायचं, मॅडम? पांढरीपांड्यांनी बुद्धाचा चेहरा गणपतीच्या बादलीत बुडवला? की अफगाण मुलगी देवघरात शिरली आणि त्यातून हे झालं? यातलं कोणतं वाक्य या शहरात संध्याकाळपर्यंत शांत बसेल? दसरा तोंडावर आहे."

भावनांनी तीस वर्षं बंदोबस्तात काढली होती. गौरांगचा हिशेब स्वार्थी होता, पण चुकीचा नव्हता. पहिल्या वाक्यावर एक जमाव येईल, दुसऱ्यावर दुसरा, आणि दोन्ही जमावांना दगड मारायला हाताशी एकच मुलगी सापडेल.

सगळ्यांनी धम्मानंदांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहता?" ते म्हणाले. "मी कोणाले सांगणार नाही. या पोरीसाठी नाही सांगणार. पण कोणी समोर उभं राहून विचारलं, की सर, चेहरा कुठं आहे, तर मी खोटं नाही बोलणार. तुम्ही असं काहीतरी लिहा, की मले खोटं बोलावं लागणार नाही."

तासाभराने ट्रस्टचं निवेदन तयार झालं. अरुंधतीबाईंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ट्रस्टच्या ताब्यातील मातीचा प्राचीन चेहरा, संवर्धनासाठी पेटीबाहेर काढला असताना, अनवधानाने पाण्याच्या संपर्कात येऊन नष्ट झाला.

एक शब्द खोटा नव्हता.

भावनांनी कागद दोनदा वाचला. "बाई, हे वाचून सगळे काय समजतील? संवर्धन करणारी एकच आहे."

"मी तिला पत्र देईन. परवान्यासाठी."

"कशाचं पत्र? चेहऱ्याच्या निगेसाठी तिची गरज आहे, असं दरवर्षी लिहायचात. आता चेहरा नाही. दुसरीकडे कामाला जाईल, तर ते आधी हा कागद वाचतील."

"मग मी माझं नाव लिहिते. अरुंधती पांढरीपांडे हिच्या हातून."

"आई," गौरांग म्हणाला.

अरुंधतीबाईंनी पेन उचललं. पेनाचं टोक कागदावर टेकलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग देवघराच्या दाराकडे. लेखणी हलली नाही.

मासूमाने हात पुढे करून कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि खाली, संवर्धक असं लिहिलेलं होतं तिथे, सही केली.

"खरंच आहे ना," ती म्हणाली. "पेटीतून मीच काढला होता."

७

उन्हं उतरताना भावना निघाल्या. गौरांग आत फोनवर दिल्लीच्या पाहुण्यांची माफी मागत होता. धम्मानंद फाटकाबाहेर त्यांची वाट पाहत उभे होते.

"ताई, अशोक विजयादशमीले लोक येतील. दरवर्षी येतात. त्यायले काय सांगू?"

"निवेदन वाचून दाखवा, सर."

"ते मोठ्यांसाठी. माझ्या आईच्या वयाच्या बाया येतात. त्यायले निवेदन काय कळते? त्या विचारतील, पाणी कोणी टाकलं."

केस सुटली की भावनांना आजवर निदान झोप तरी लागायची. आज सगळं सुटलं होतं, आणि ज्या मुलीला वाचवायला त्या सकाळी आल्या होत्या तिचा परवाना महिनाअखेरीस संपत होता, सकाळी संपत होता तसाच.

त्यांनी वळून अंगणात पाहिलं. मासूमा पारिजातकाच्या आळ्याशी उकिडवी बसली होती. चाळणी, कुंचले, काही आणलं नव्हतं. चिखलातून ती बोटाने एक एक केस वेचत होती आणि तळहातावर ठेवत होती. भावना जवळ गेल्या. पर्समधून कागदाची पुडी काढून त्यांनी तिच्या पुढे धरली. आत तो निळा कण होता.

मासूमाने पुडी उघडली, पाहिलं, आणि परत मिटून दिली.

"तुमच्याजवळ ठेवा. तिकडं नेला तं विमानतळावर विचारतील, हे काय आहे."

"काय सांगशील?"

"तेच तं. काय सांगू?"

तिने तळहातावरचे केस परत मातीत टाकले आणि वरून माती सारखी केली, थापटली. फांदीवरून एक फूल पडलं ते तिने उचललं नाही.

मागून तुळसाबाई पाण्याची बादली घेऊन आली. रोज या वेळेला ती झाडांना पाणी घालायची. आज ती आळ्यापाशी येऊन थबकली. बादली तिने खाली ठेवली नाही.

"काहून गा, पोरी," ती हळूच म्हणाली. मग पुरुषाला लावायचा 'गा' तोंडून गेला हे लक्षात येऊन, "काहून वं. याले पानी घालू का नको?"

मासूमा उठली. तिने हात ओढणीला पुसले, बाजूला सरकून वाट करून दिली.

"घाल," ती म्हणाली. "झाड वाळन नाही तं."